झरोक्यातला बोळा

माझ्या सासूबाई भिकुबाई काडेपेटीतली काडी ब्लेडनं उभी चिरून एकीच्या दोन करायच्या. लग्न होऊन मी धुळ्याहून अमळनेरला आले आणि पहिल्याच सकाळी हा प्रकार बघून मला फिसकन हसू आलं. ते त्यांनी बघितलं. "एकमा भागस तं दोन कसाले?" त्या म्हणाल्या. एकात भागतं तर दोन कशाला! आमच्या घरातली ही गीता, आणि ती रोज वाचली जायची.

चहाची पत्ती दोनदा उकळायची, मग वाळवून तुळशीला. साबणाच्या चिपट्या एकमेकींवर दाबून नवी वडी. तेलाची बाटली रिकामी झाली की तासभर वाटीवर उपडी. लुगडं फाटलं की त्याचा परकर, परकराची गोधडी, गोधडीची लंगोटी, लंगोटीचं पोतेरं, आणि पोतेऱ्यालाही लवकर मरण नाही. माझे वडील धुळ्याच्या एसटी डेपोत होते. दर पगाराला आमच्याकडे जिलबी यायची. एवढ्या भांडवलावर या घरात माझं नाव 'उधळी' पडलं. हातून मिठाचा खडा सांडला तरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "धुयानी शे ती, तिले काय!"

मीही काही गरीब गाय नव्हते. तोंडातल्या तोंडात पुष्कळ बोलून घ्यायचे. पण त्यांना वाईट म्हणेन तर माझी जीभ झडेल. सव्विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली बाई. जिनिंगमध्ये कापूस निवडून तिनं पितांबर आणि लता अशी दोन पोरं वाढवली आणि विटांचं घर उभं केलं. पितांबर म्हणजे माझे मालक. ज्या घरात मी राहत होते ते त्या चिरलेल्या काड्यांतूनच उभं राहिलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. फक्त आवडत नव्हतं.

लताबाई चोपड्याला दिलेल्या. सात वर्षं कूस उजवली नव्हती. शहाऐंशीच्या थंडीत त्या बाळंतपणाला माहेरी आल्या आणि मार्गशीर्षात मुलगी झाली. नवसासायासाची पोर, त्यामुळे मुलगी म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. आत्याबाई तर हवेतच होत्या. "मनी लताले पुरा चाळीस दिन शेक देसू," असं त्यांनी गल्लीभर सांगून टाकलं.

शेक म्हणजे सकाळी तेल लावून मायलेकींना अंघोळ घालायची, मग बाजेवर निजवायचं आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची. वारा लागू नये म्हणून दार बंद. चाळीस दिवस रोज शेगडी पेटवायची तर लोणारी कोळसा किती लागणार! आत्याबाईंनी तोड काढली. स्टेशनाकडच्या बाया इंजिनातून पडलेला अर्धवट जळका कोळसा आणि भुकटी पाट्यांनी विकायच्या. ती भुकटी त्यांनी आणली, शेण आणि माती घालून तिचे लाडवाएवढे गोळे वळले आणि घराच्या धाब्यावर वाळवले. ते एकदा पेटले की दुपारपर्यंत राखेखाली धुमसत राहायचे. ज्वाळा नाही, वासही फारसा नाही. "धूरबी नही, बठ्ठा शेकच शेक!" धूर नाही, सगळा शेकच, असं त्या आल्यागेल्याला शेगडी दाखवून सांगायच्या.

बाळंतिणीची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. पूर्वी तिथे धान्य असायचं. एक दार, भिंतीशी धान्याची पत्र्याची उंच कोठी, आणि वर छताला लागून वीतभर झरोका. खिडकी नाही. झरोक्यात चिमण्यांचं घरटं होतं. दाराखालच्या फटीत आत्याबाई गोधडी कोंबायच्या.

आठव्या दिवशी लताबाई म्हणाल्या, "वहिनी, मनं डोकं ठनकस वं." आत्याबाईंनी कपाळाला सुंठ लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, वर मळमळ. संध्याकाळी शेगडी विझली, त्या ओसरीवर येऊन बसल्या की बरं वाटायचं. सकाळी शेक सुरू झाला की पुन्हा डोकं.

एकदा मी त्यांना पेज द्यायला गेले आणि हातात ताटली होती म्हणून दार तसंच उघडं राहिलं. बोलत बसलो. थोड्या वेळानं लताबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, डोकं उतरलं, चहा कर. तेवढ्यात आत्याबाई आल्या. दारात शेजारची रुक्माबाईही होती, तिच्यासमोरच त्या कडाडल्या, "बठ्ठा गावले शेक वाटस का वं? कोयसा काय फुकट येस?" रुक्माबाई पदराआड हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दार लावून मी बाहेर आले आणि चहा केलाच नाही.

आमच्याकडे एक मांजरी होती. चुलीच्या उबेसाठी ती अंगावर राख घ्यायलाही मागेपुढे पाहत नसे. त्या खोलीत मात्र ती जाईना. उंबऱ्यापर्यंत यायची, नाक वर करायची आणि मागे फिरायची. मी आत्याबाईंना म्हटलं, मांजरी आत जात नाही. "मांजरले कसानी अक्कल!" त्या म्हणाल्या. मग बाळाकडे वळल्या, "आंडेर कितली शांत शे दख. रडतबी नही."

खरंच मुलगी रडत नव्हती. पहिल्या आठवड्यात घर डोक्यावर घेणारी पोर दिवसभर निजून असायची. गाल लालबुंद. बघायला आलेल्या बाया म्हणायच्या, माहेरचा शेक मानवला. मलाही तसंच वाटायचं, पण तिला दुपट्यातून उचलताना तिची मान जरा जास्तच सैल लागायची. ते मी कुणाला बोलले नाही. मला लेकरू नव्हतं, मला काय कळणार.

पौष लागला आणि थंडी वाढली. गोळे संपत आले. आत्याबाई बाजेपाशी उभ्या राहून वर झरोक्याकडे बघायच्या आणि हळहळायच्या, "तठून बठ्ठा शेक जास." त्या माझ्या खांद्याएवढ्या. कोठीवर उभ्या राहिल्या असत्या तरी त्यांचा हात तिथे पोचला नसता. मी उंच. गल्लीतल्या बाया मला धुळ्याची उंटीण म्हणायच्या.

सोमवारी त्या बाजाराला गेल्या. लताबाई पोरीला घेऊन ओसरीवर उन्हाला बसल्या होत्या. मी कोठीवर चढले. माझं एक पिवळं लुगडं फाटलं होतं, ते घडी घालून, पिळून त्याचा बोळा केला. घरटं काढून टाकलं. रिकामंच होतं, दोन-तीन पिसं निघाली. बोळा झरोक्यात घट्ट ठासला आणि कडेनं ओली माती लिंपली. खोलीत एकदम अंधार झाला.

मला कुणी सांगितलं नव्हतं. दार उघडं राहिलं तेव्हा लताबाईंचं डोकं उतरलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. त्याचा नि झरोक्याचा संबंध माझ्या ध्यानात आला नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो मला ध्यानात घ्यायचा नव्हता. मला शाबासकी हवी होती. चार वर्षं उधळी, उधळी ऐकून माझा जीव विटला होता.

आणि शाबासकी मिळाली. आत्याबाईंनी बाजारातून आल्यावर वर बघितलं, मग माझ्याकडे. फाटक्या लुगड्याचा बोळा, पैचा खर्च नाही. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आते तू ह्या घरनी व्हयनी," त्या म्हणाल्या, आणि लताबाईंच्या डब्यातला डिंकाचा एक लाडू माझ्या हातावर ठेवला. मी तो चुलीपाशी बसून खाल्ला. मला रडू येत होतं, इतका आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकींची अंघोळ झाली. शेगडी भरली. आत्याबाई ज्वारी डोक्यावर घेऊन गिरणीला निघाल्या. "मी येस तवलोंग दार उघाडू नको," त्या मला बजावून गेल्या. मी मान डोलावली. आता मला सांगायची काय गरज होती!

मी अंगणात कपाशीची राहिलेली बोंडं फोडत बसले. गोधडीत भरायला तेवढाच कापूस. मांजरी माझ्या पायाशी. बराच वेळ गेला. आतून बाळ एकदा रडलं. रडलं म्हणण्याइतकंही नाही, कण्हल्यासारखा आवाज. मी उठले. दारापाशी गेले, कडीला हात लावला आणि थांबले. आतून पुन्हा आवाज आला नाही. झोपली वाटतं, मी म्हटलं. उगीच दार उघडलं तर शेक जाईल. मी कडीवरचा हात काढला आणि परत बोंडांपाशी जाऊन बसले.

आत्याबाई आल्या त्या पिठाचा डबा खाली ठेवतच म्हणाल्या, "पोर उठनी नही का?"

"नाही."

"प्यालीबी नही?"

मी बोंडं बाजूला ठेवून उठले. त्यांनी दार ढकललं, पण खालची गोधडी अडली. दोघींनी मिळून लोटलं. आतून ऊब तोंडावर आली. लताबाई बाजेवरून अर्ध्या खाली लोंबत होत्या. ओकल्या होत्या. डोळे उघडे, पण ओळख नाही. आम्ही त्यांना बगलेत धरून ओढत अंगणात आणलं. आत्याबाई मागे धावल्या आणि दुपटं उचलून आल्या. पोरीचे गाल गुलालासारखे लाल होते. आत्याबाई तिला हलवत राहिल्या, "उठ माय, उठ मनी माय." पोर उठली नाही.

लताबाईंना टांग्यातून दवाखान्यात नेलं. त्या वाचल्या. डॉक्टर मालकांना म्हणाले, कोळसा कोंडून जळला की एक वायू होतो, तो दिसत नाही, वास येत नाही. खोलीला वीतभर जरी भोक असतं तरी पोर वाचली असती. मालकांनी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. मी भिंतीला टेकून ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी लताबाईंना घरी आणलं. चोपड्याहून त्यांचे मालक अभिमन आले होते. ते मागच्या खोलीत गेले, बाजेकडे बघितलं, शेगडीकडे बघितलं, मग मान वर केली. पिवळ्या लुगड्याचा बोळा वर दिसत होता.

"हाई कोनी बुजं?" त्यांनी विचारलं.

घरात सगळे होते. लताबाई ओसरीवर पडून ऐकत होत्या. सांगायचं म्हणून मी पुढे झाले. तोंड उघडलं.

"मी," आत्याबाई म्हणाल्या. "मी बुजं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी जीभ जागच्या जागी राहिली. अभिमन काय काय बोलले ते सांगत नाही. एवढंच सांगते की 'कंजूषपणापायी स्वतःची नात मारली' हे त्यातलं सगळ्यात सौम्य होतं. आत्याबाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. लताबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दहाव्या दिवशी त्या अभिमनबरोबर गेल्या, तेव्हा आईच्या पाया न पडता गेल्या.

त्या दिवशी दुपारी मी चुलीपाशी गेले. आत्याबाई काड्या चिरत बसल्या होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, बोळा मी कोंबला. तुम्ही का आपल्यावर घेतलंत?"

त्यांनी हातातली काडी चिरून पुरी केली. मग म्हणाल्या, "तुनं नाव निंघतं तं पितांबर तुले ठेवता का? एक घर मोडी गयं. एकमा भागस तं दोन कसाले?"

एवढंच. पुन्हा त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत. बोळा मी काढला, तो त्यांनी चुलीत घातला. त्या घरात चिंधी फेकलेली मी तेवढी एकदाच बघितली.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. दर आखाजीला आत्याबाई माळ्यावरून दोर काढून अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधून घ्यायच्या आणि ओसरीवर बसून रस्त्याकडे बघायच्या. चोपड्याची एसटी कधी येते ते त्यांना पाठ होतं. लताबाईंना पुढे दोन मुलगे झाले, ते मालकांना आलेल्या पत्रातून कळलं. पत्रात आईचं नाव नसायचं. मी शेजारी बसून ते पत्र ऐकायचे आणि दर वेळी ठरवायचे, आज सांगते. माझीही पोरं आता शाळेत जात होती. मी सांगितलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या माघात आत्याबाई गेल्या. लताबाई दहाव्याला आल्या. सगळं उरकल्यावर त्या उठून मागच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेले. त्या बराच वेळ उघड्या झरोक्याकडे बघत उभ्या होत्या. मग कोठीपाशी गेल्या आणि तिच्या उंचीला हात लावून बघितला. त्याही आईवरच गेलेल्या, बुटक्या.

"वहिनी," त्या वर बघतच म्हणाल्या, "मना मायना हात तठे कसा पोचना व्हई वं?"

या वेळी माझ्याकडे डोळे वटारून बघायला कुणी नव्हतं.

"त्यांचा नाही पोचला," मी म्हटलं. "माझा पोचला."

मला वाटलं त्या माझ्या अंगावर धावून येतील. आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बाजेच्या जागेवर, जमिनीवर खाली बसल्या आणि बोटं मोजायला लागल्या. एका हाताची संपली, दुसऱ्याची संपली, पुन्हा पहिलं बोट धरलं.

"अकरा आखाजी," त्या म्हणाल्या. "ती वाट दखत व्हती का?"

"हो. दर वर्षी झोका बांधून घ्यायच्या."

त्या उठल्या. पिशवी घेतली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही, आणि चोपड्याच्या एसटीला अजून तासभर होता तरी त्या उन्हातच स्टँडकडे चालत निघून गेल्या.