मेलेल्या धाग्यांचा नकाशा

त्याला सगळे बारीकराव म्हणायचे. अंगानं म्हणाल तर चांगला भारदस्त गडी, दारातून आला की दार भरून जायचं. नाव पडलं ते कामामुळे. माणसाच्या पोटात घालायचा सूक्ष्मदर्शक त्यानं इतका लहान केला होता, की पेनातली रिफिल त्याच्यापुढे जाडजूड वाटावी. आत केसाहून बारीक असे काचेचे तीस हजार धागे, एका जुडीत बांधलेले. एकेक धागा उजेडाचा एकेक ठिपका बाहेर आणायचा आणि सगळे ठिपके मिळून पडद्यावर जिवंत पेशी दिसायच्या, काही कापाकापी न करता.

आता काच म्हटली की काही धागे मेलेले असणारच. मेलेल्या धाग्याच्या जागी चित्रात काळं भोक. त्यावर बारीकरावानं तोड काढली होती. आजूबाजूच्या धाग्यांवरून अंदाज घेऊन कॉम्प्युटर ते भोक बुजवून टाकायचा. त्या बुजवण्याचा त्याला कोण अभिमान!

जुडीची टोकं घासून गुळगुळीत करणं हे पॉलिशवाल्या मावशींचं काम. वीस वर्षं त्याच स्टुलावर बसून, इंग्रजी आठाच्या आकड्यात हात फिरवत, जाड घासकागदावरून बारीक कागदावर, बारक्यावरून आणखी बारक्यावर. घासलेलं टोक त्या दुसऱ्या कुणाला तपासायला देत नसत. "मी बघितलंय ना? मग हातच्या कांकणाला आरसा कशाला?" म्हणायच्या. आणि त्यांची एक खोड होती. प्रत्येक जुडीत उजेड सोडून, कुठले धागे मेलेले आहेत त्याचा नकाशा त्या चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं काढून ठेवायच्या. खाली तारीख.

"मावशी, कॉम्प्युटर बुजवतो ना सगळं? तुम्ही कशाला डोळे फोडून घेता?"

"अरे, बुजवलेलं ते बुजवलेलंच. कुठे बुजवलंय ते कुणाला तरी ठाऊक नको का?"

तो हसायचा. वही त्यानं एकदाही उघडली नव्हती.

मग हॉस्पिटलातून डॉक्टरबाईंचा फोन आला, आणि साहेबांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. फोन टेबलावर मोठ्यानं लावला होता. डॉक्टरबाई चिडलेल्या होत्या. चित्रात कडेला एक करडा पट्टा दिसत होता, तिथल्या पेशी एकमेकींत मिसळल्यासारख्या. एका शिंपीणबाईंच्या पोटात तो आधी दिसला. डॉक्टरबाईंना वाटलं दुखणंच आहे, त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवस त्या बाईच्या घशाखाली घास उतरला नाही. निघालं काहीच नाही. नंतर तोच पट्टा, त्याच जागी, पुढच्या दोघांत.

"म्हणजे दोष तुमच्या यंत्रात आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

साहेबांनी बारीकरावाकडे पाहिलं. यंत्र अजून परतही आलं नव्हतं. पण याच्या जिभेला काय घाई! "हाताचं काम आहे, साहेब. टोकाला ओरखडा राहिला असणार. आता मावशींचंही वय झालं, नजर काही पूर्वीची…"

मावशी तिथेच, दाराजवळ बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत लावला. दुसऱ्या दिवसापासून त्यांना खोकी भरायच्या खोलीत बसवलं, आणि स्टूल रिकामं राहिलं.

आठवड्यानं यंत्र परत आलं. बारीकरावानं टोक भिंगाखाली धरलं. ओरखडा नव्हता. फिरवून पाहिलं, पुसून पाहिलं. टोक आरशासारखं स्वच्छ. त्यानं बुजवणं बंद करून चित्र पाहिलं, तर कडेला काळी चंद्रकोर. शेकडो धागे एका जागी मेलेले! अशी भोकं बुजवायला त्याची युक्ती केलीच नव्हती. शेजारीच मेलेला, तर अंदाज घेणार कुणाचा? तरी तिनं आपलं इमानानं बुजवलं होतं, आणि ते बुजवलेलं डॉक्टरबाईंना दुखणं वाटलं.

मग त्यानं मावशींची वही उघडून या जुडीचं पान काढलं. अकरा ठिपके, इकडेतिकडे विखुरलेले. कडेला एकही नाही. मावशींच्या हातून यंत्र गेलं तेव्हा कडेचे धागे धडधाकट होते.

त्यानं जुडीत तांबडा उजेड सोडला. तुटल्या जागी उजेड बाहेर सांडतो. टोकापासून वीतभर अंतरावर जुडीवरची नळी लालभडक झाली आणि बारीकरावाला सगळं आठवलं.

पाहुणे आले होते. कुणीतरी विचारलं, "हे वळतं किती?" आणि यानं, चहाच्या कपाच्या तोंडाहून लहान वळण देऊ नये असं माहितीपत्रकात स्वतःच्या हातानं लिहिणाऱ्या यानं, ऐटीत ती जुडी बोटाला गुंडाळून दाखवली होती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काचेचा धागा तुटताना आवाज होत नाही. दुसऱ्या दिवशी यंत्र हॉस्पिटलला गेलं.

करून सवरून नामानिराळा, वर खापर त्या बाईच्या डोळ्यांवर! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि लाज अशी, की तेवढ्यातही मनात आलंच: वाटेत तुटलं म्हटलं तर? कोण विचारतंय? त्या विचाराची त्याला बोटाला जुडी गुंडाळण्याहून जास्त लाज वाटली. त्यानं वही उचलली आणि खोकी भरायच्या खोलीत गेला.

मावशी चिकटपट्टी लावत होत्या. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं, मान खाली घालून.

"माझं चुकलं, मावशी. तुमचं टोक स्वच्छ आहे."

मावशींनी त्याच्या हातातली वही उघडून त्या अकरा ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले रे. दोनदा. नंबर तोच आहे म्हणाला, नजर चांगली आहे म्हणाला." त्यांनी चिकटपट्टी खाली ठेवली. "माझा विश्वास नाही बसला. म्हटलं, बारीकराव उगीच कशाला म्हणेल?"

त्याला वाटलं, धरणी दुभंगती तर बरं झालं असतं.

"सगळ्यांसमोर म्हणालो होतो," तो म्हणाला, "सगळ्यांसमोरच सांगतो."

आणि सांगितलं. त्याच खोलीत, फोन टेबलावर मोठ्यानं लावून, बोटाला जुडी गुंडाळल्यापासून वाटेत तुटलं म्हणायच्या विचारापर्यंत. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्या शिंपीणबाईंना तुम्हीच येऊन सांगा." तो हो म्हणाला.

मावशी सोमवारी स्टुलावर परत आल्या. बारीकरावानं स्टूल स्वतः पुसून ठेवलं होतं. नवी जुडी त्यांनी हातात घेतली, तोच आठाचा आकडा, तोच संथ हात. त्याला जरा बरं वाटलं. वाटलं, झालं गेलं गंगेला मिळालं.

टोक घासून झालं. मावशींनी ते भिंगाखाली धरलं, पाहिलं, परत पाहिलं. मग वहीकडे न वळता त्यांनी जुडी त्याच्यापुढे केली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"बघ रे जरा. ओरखडा दिसतोय का?"

त्यानं पाहिलं. डोळ्यांत पाणी आल्यानं त्यालाच धड दिसेना.

"नाही, मावशी. एकदम स्वच्छ."

"नीट बघ," मावशी म्हणाल्या.