सुभद्रेची उजेडाची खिडकी

मित्रांनो, लालबागच्या एका नाट्यमंडळाच्या पोटमाळ्यावर लोखंडी दांडीला अडकवलेला मी एक जुना दिवा आहे. नाटकवाले मला प्रोफाइल म्हणतात. माझं अंग ओतीव अॅल्युमिनियमचं. पोटात अर्ध्या अंड्यासारखा खोल आरसा, त्यापुढे बल्ब, मग पत्र्याची चार पाती आणि तोंडाशी दोन जाड भिंगं. आरसा उजेड गोळा करतो, पाती तो कापतात आणि भिंगं लांब फेकतात. चारही पाती आत सरकवली की समोर उजेडाचा चौकोन पडतो. त्याच्या कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ असतात.

भायखळ्याच्या एका छोट्या कारखान्यात मी तयार झालो आणि गिरणी कामगारांच्या या मंडळात आलो. लवू परब हा माझा माणूस. तो गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा. पाळी सुटली की अंगावरचा कापूस झटकून तालमीला यायचा आणि आधी माझी भिंगं पुसायचा. प्रयोग रंगला की लोक नटांना टाळ्या देत. लवू मात्र माझ्या पाठीवर थाप मारायचा. तेवढं मला पुरे होतं.

मग १९८२ साल उजाडलं आणि संप झाला. गिरण्यांचे भोंगे थांबले. मंडळाचे लाकडी देखावे एकेक करून विकले गेले. कितीतरी कुटुंबं कोकणात परतू लागली. मला महिनोन्‌महिने कुणी हात लावला नाही आणि पावसाळ्यात माझी पाती गंजून घट्ट झाली. तरी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत उतरायचं मंडळाने ठरवलं.

नाटकातली मुख्य भूमिका सुभद्रेची होती. ती गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, होती आणि नाटकात उत्तम काम करायची. तिची सासू रखमाबाई तिला गावी न्यायला आली होती. "हौस पुरी कर नि पेटी बांध. मगे तोंडाक रंग लावूचो नाय," असं तिने बजावलं होतं. म्हणजे स्पर्धेतला, दादरच्या नाट्यगृहातला हा प्रयोग सुभद्रेचा शेवटचा ठरणार होता. शेवटच्या प्रवेशात ती खिडकीशी उभी राहून गिरणीच्या भोंग्याची वाट पाहते. देखावा उरलेला नव्हता, म्हणून खिडकी उजेडाचीच करायची होती. ती नीट उमटली नसती, तर बाई रिकाम्या रंगमंचावर उगाच उभी आहे असं लोकांना वाटलं असतं.

त्याच सुमारास मंडळात एक छोटा दिवा आला. माझ्याच जातीचा, पण स्वस्तातला. पातळ पत्र्याचं अंग, एकच भिंग, लहान बल्ब. घरातल्या प्लगवर चालायचा आणि पिशवीत मावायचा. लवू त्याच्यावर खूश होता.

"ह्यो बघ, एका हातान उचलूक येता," तो म्हणाला. "आणि आमचो थोरलो म्हणजे लग्नातलो मामो. उचलूक पण व्हयो आणि मान पण देवक व्हयो."

दुपारी खोलीचे पडदे लावून त्यांनी छोट्याला पेटवलं. खरं सांगतो, खोलीत त्याची खिडकी सुंदर पडली. मला माझी काळजी वाटू लागली. पण सुभद्रा म्हणाली, "हय बरो दिसताच. दादरात बाल्कनीतसून काय दिसतला?"

लवूने छोट्याला दाराबाहेर, लांबलचक पॅसेजच्या टोकाला नेलं. तिथून टाकलेला उजेड खोलीच्या भिंतीवर पोचेपर्यंत फिका झाला आणि त्याच्या कडा पसरल्या.

"ही खिडकी न्हय रे," सुभद्रा म्हणाली, "तव्यार पसरलेलो घावणो आसा."

सगळे हसले आणि त्यांनी मला पॅसेजमध्ये आणलं. मी पेटलो. खिडकी झक्क पडली, पण थोड्याच वेळात माझ्या अंगातून धूर निघू लागला. लवूने घाईने बटण बंद केलं.

"संपलो म्हातारो," तो खिन्न होऊन म्हणाला. "घावणो तर घावणो. छोट्याकच नेवया."

सुभद्रा माझ्याजवळ आली आणि तिने वास घेतला. "थांब रे. ह्या साच्याचा तेल."

गिरणी बंद पडल्यापासून तो वास कुणाच्या नाकात गेला नव्हता. एकेक जण पुढे आला आणि वाकून वास घेऊ लागला.

शेवटी कुशाबा बोलला. तो गिरणीत साच्यांना तेल घालायचा. "मीच घातलंय. पाती हलत नव्हती. घराकडे बाटलेत थोडा उरला होता."

"काका, ह्यो दिवो आसा, साचो न्हय," लवू म्हणाला.

"हलता ता सुक्या ठेवूचा नाय, इतक्याच माका म्हायत," कुशाबा म्हणाला.

त्याला कुणी रागावलं नाही. त्याने जपून ठेवलेलं शेवटचं तेल माझ्यासाठी खर्च केलं होतं. माझी पाती सुटली होती ती त्या तेलामुळेच. सुभद्रेने ती सोड्याच्या पाण्यात उकळली आणि लवूने कोरडी करून परत बसवली. धूर पुन्हा आला नाही.

दादरला मला बाल्कनीच्या कठड्यावर बांधलं आणि छोट्याला रंगमंचाच्या कडेला, सुभद्रेच्या चेहऱ्यासाठी ठेवलं. इतक्या जवळून माझा उजेड तिच्या डोळ्यांत खुपला असता. ते काम त्याने माझ्यापेक्षा चांगलं केलं.

रखमाबाई माझ्या खालीच, शेवटच्या रांगेत बसली होती. शेवटच्या प्रवेशात खिडकी उमटली. सुभद्रा पुढे आली आणि भोंगा ऐकायला खिडकीतून बाहेर वाकली.

"सांभाळ गे," रखमाबाई पुटपुटली. "पडशीत."

आमच्या मंडळाला बक्षीस मिळालं नाही. सुभद्रा ठरल्याप्रमाणे गावी गेली. पण निघण्यापूर्वी रखमाबाई लवूला म्हणाली, "पुढल्या खेळाक कळव. मी हिका घेवन येतंय." आणि ती खरंच घेऊन आली.

मित्रांनो, आता गिरण्यांच्या जागी उंच इमारती आहेत आणि नाटकांना नवे, थंड दिवे आले आहेत. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. मला कामगारांचे हात मिळाले, यासाठी मी कृतज्ञ आहे. तुम्ही नाटक कराल तेव्हा दिवा खोलीत पाहून निवडू नका. उजेड जिथून टाकायचा असेल तिथून पाहा. लहान दिव्याला त्याचं काम द्या, मोठ्याला त्याचं. भिंगं कोरड्या फडक्याने पुसा. आणि माझ्यासारखा जुना दिवा भंगारात काढण्यापूर्वी एकदा शेवटच्या रांगेत जाऊन बसा. तिथे बसणाऱ्या माणसालाही नाटक दिसलं पाहिजे.