नवऱ्याची सही

माकुणसारच्या वाडीत केळी तोडताना कोयता निसटून माझ्या उजव्या पावलावर पडला, तेव्हा थोरले दीर धर्माजी म्हणाले, पाला बांधा. पाला बांधला. पाऊल काळं पडून घाण मारायला लागलं तेव्हा कुठे मला पालघरच्या इस्पितळात आणलं, आणि आता त्या पायाचं काय करायचं हेही तेच ठरवत होते.

डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. आजच. विष वर चढतंय, उद्यापर्यंत थांबलात तर बाई हाताला लागायच्या नाहीत. नवऱ्याची सही द्या."

नवरा माझा खाटेपाशीच उभा होता. त्याने भावाकडे पाहिलं. बैल घ्यायचा असो की पोरीला स्थळ बघायचं असो, हा माणूस आधी भावाचं तोंड बघतो.

"पाय नाय कापायचा," धर्माजी म्हणाले. "लंगडी बाई वाडीत काय कामाची? तारापूरला वीजघर बांधतात, तितं पाटी उचलायला पण नाय घेणार तिला. घरी नेऊ. जगायची असंल तर जगंल."

हे सगळं धर्माजी माझ्या उशाशी उभं राहून बोलले. त्या घरात थोरल्या दिरासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

"डॉक्टर, कापा," मी म्हणाले. "पाय माझा हाय."

"तुमचं ऐकून चालत नाही, बाई. नवऱ्याची सही पाहिजे."

मला त्या डॉक्टरचाही संताप आला. एवढा शिकलेला माणूस, तोही आमच्या भावकीतल्यांसारखाच निघाला.

नवरा खाली मान घालून म्हणाला, "दादा म्हणतो तसं करू."

मग मी दिरासमोर, डॉक्टरसमोर, शेजारच्या खाटांवरच्या बायांसमोर नवऱ्याला नावाने हाक मारली. लग्न झाल्यापासून ते नाव मी कधी उच्चारलं नव्हतं.

"पुंडलिक, सही कर. नाय केलीस तर मरेपर्यंत अशीच तुला नावानं हाका मारीन. सगळ्या पालघरला ऐकू जाईल."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. धर्माजी तरातरा बाहेर निघून गेले. नवऱ्याचा चेहरा पडला. मला गप्प करायला म्हणून त्याने घाईघाईने सही केली.

शुद्धीवर आले तेव्हा उजव्या बाजूला चादर गुडघ्याखाली सपाट होती. मला रडू आवरेना. नवरा स्टुलावर बसला होता. दुखतंय का, एवढं तरी विचारेल म्हणून मी वाट पाहिली.

"दादासमोर नाव घ्यायला नको होतंस," तो म्हणाला. "आता मी गावात तोंड कसं दाखवू?"