वारा पाठीवर होता

बोलायची मला हौस नाही. पण शेजारच्या खिळ्यावरच्या छत्रीने जीव नकोसा केलाय. "सांगा ना, तुमची मूठ कशी तुटली?" सकाळ-संध्याकाळ एकच टुमणं. स्वतः वर्षातून चार वेळा बाहेर पडते, मग दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायला वेळच वेळ. तर ऐक बये, एकदाच सांगतो. मध्ये उघडमीट करायची नाही.

मी पट्टा. साखळी अडकवायचा गळ्यातला नव्हे, ते वेगळे. आंधळ्या माणसाला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर बांधतात, तो मी. छातीवरून एक पट्टी, पोटाखालून एक, आणि पाठीवर उभी, कडक मूठ. मूठ माणसाच्या डाव्या हातात, बाकीचा मी कुत्र्याच्या अंगावर. दोघं एकमेकांना जे काही सांगतात ते माझ्यातून जातं. घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला शिवलं. तो शाळेत गेला नव्हता, मीही नाही. मला डोळे नाहीत. ओढ कळते, घाम कळतो, वारा कळतो, बोललेलं ऐकू येतं. डोळेवाल्यांनी तरी कुठे दिवे लावलेत!

माझा माणूस म्हणजे मिस्त्री. विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेला, मग काचबिंदूने डोळे नेले. बायको आधीच गेलेली, म्हणून लेकीकडे राहायला आला. तिथे त्याला कुत्री मिळाली आणि कुत्रीबरोबर मी. कुत्री इतकी शिस्तीची की मिस्त्रीने तिचं नाव मास्तरीण ठेवलं. फुटपाथची कड आली की थांबणार. वाटेत खांब, सायकल, माणूस आलं की वळसा घालून पुढे. कामावर असताना कुणी कितीही चुचकारलं तरी शेपूट हलवणार नाही. शेपूट हलली की मागची पट्टी हलते, त्यामुळे मला पक्कं माहीत आहे. सात वर्षांत एकदाही नाही.

मिस्त्रीचा हात कोरडा, खरखरीत. फक्त घरावरून जुनं, पंख्याचं विमान गेलं की घामाने थबथबायचा. मोठी विमानं कितीही जावोत, काही नाही. पंख्याचं गेलं की मूठ ओली. वाटायचं, या हाताला काहीतरी बाधलंय.

काय ते एका दुपारी कळलं. मास्तरणीचे केस विंचरता विंचरता तो तिला सांगत होता. माणसांना सांगितलं नाही, कुत्रीला सांगितलं.

त्याचा एक जोडीदार होता, उंच्या. विमानाच्या चाकांपुढचे लाकडी ठोकळे ओढायचं काम त्याचं. मिस्त्री वर बसून इंजिन चालवून बघत होता. खाली चहा आला. इंजिनाच्या आवाजात हाक कुठली ऐकू जाणार? म्हणून मिस्त्रीने हाताने खूण केली, ये. उंच्या रोज मागून वळसा घेऊन यायचा. त्या दिवशी पुढून आला, जवळच्या वाटेने.

"फिरतं पातं दिसत नाही गं," मिस्त्री म्हणाला. "मोकळी हवा वाटते. मीच बोलावलं त्याला. या हाताने."

तो डावा हात. माझ्या मुठीवरचा.

पुढे काही वर्षांनी लेकीने बातमी आणली. त्याच जुन्या धावपट्टीवर विमानांच्या कसरती होणार होत्या, आणि जुन्या कामगारांना छातीवर लावायचा बिल्ला देऊन बोलावलं होतं.

जावई जेवता जेवता म्हणाला, "ज्यांना दिसत नाही त्यांनी विमानं बघायची, आणि कुत्रीने कानाला टोपी घालून ऐकायची. वा! तिकीट मीच काढतो."

"तुम्ही गप्प बसा हो," लेक म्हणाली. "बाबा, जायचंय का तुम्हाला?"

"जायचंय," मिस्त्री म्हणाला. मूठ तेव्हा भिंतीला टेकलेली होती, नाहीतर तेव्हाच कळलं असतं.

निघताना जावयाने मला उचलून वाकवून पाहिलं. "हे कातडं कुजलंय बाबा. नवीन नायलॉनचा घेऊया."

"मी कुजलो की घे," मिस्त्री म्हणाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मैदानावर ही गर्दी. घडीच्या खुर्च्या, भोंग्यावरून कुणाचं तरी अखंड बोलणं, वरून विमानं अशी जायची की माझे टाके थरथरायचे. मास्तरीण कानावर कापसाची टोपी घालून दगडासारखी बसली होती. मिस्त्री मात्र खुलला. आवाजावरून सांगायचा, हे वळलं, आता उलटं झालं, आता तिघं एकत्र. आजूबाजूचे लोक वर बघायचं सोडून त्याचं ऐकायला लागले, असं लेकच हसत म्हणाली.

लेक थर्मासमधून चहा ओतत होती. मिस्त्री तिला म्हणाला, "पोरी, पंख्याच्या विमानापाशी कधी गेलीस तर एक ध्यानात ठेव. वारा तोंडावर आला तर तू मागे आहेस, भ्यायचं नाही. पाठीवर आला तर जागच्या जागी थांब. पुढे पातं आहे, ते हवा स्वतःकडे ओढतं. डोळे मिटूनही कळतं हे."

"हो बाबा. साखर कमी झालीय का?"

तिने ऐकलं नाही. मी ऐकलं.

थोड्या वेळाने लेक स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. जावई मोबाइलवर विमानं टिपायला कुठेतरी पुढे गेलेला. भोंगा म्हणाला, आता मैदानावरचं सगळ्यात जुनं विमान चालू करून दाखवणार आहोत. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं.

मिस्त्री उभा राहिला. त्याने मूठ धरली, शिवाय मुठीला लावलेली कातडी वादी मनगटात अडकवली. हात कोरडा होता. सात वर्षं ज्या आवाजाला तो हात भिजत आला, त्याच आवाजाला त्या दिवशी कोरडा ठणठणीत. मला ते आवडलं नाही.

"मास्तरीण, पुढे."

दोरीपाशी एकाने अडवलं, मग त्याला बिल्ला दिसला असावा. "जुने मिस्त्री का? जा आजोबा, पण लांबूनच बघा हं."

गवत संपलं, सिमेंट लागलं. मास्तरीण सरळ चालली होती. तिचा दोष नाही. पुढे मोकळी हवा, मोकळ्या हवेला कुणी वळसा घालतं का? आवाज वाढत गेला. आणि मग वारा आला.

पाठीवर.

माझ्या मोकळ्या पट्ट्या पुढच्या बाजूला फडफडायला लागल्या. कातड्याला कळलं ते त्या माणसाला कळलं नसेल? त्याचं पाऊल थांबलं नाही. उलट लांब पडायला लागलं. तोंडाने तो काहीतरी पुटपुटत होता. "आलो रे, आलो. बोलावतोयस ना, आलो."

तेवढ्यात मास्तरीण थांबली.

"पुढे," मिस्त्री म्हणाला. ती हलली नाही. "पुढे म्हणतो ना!"

ती वळली. वळसा घातला तिने, छोटा, गोल. वाटेत माणूस उभा असला की घालते तसा. तो वळसा मी हजार वेळा अंगावर घेतलाय, ओळखण्यात माझी चूक होणार नाही. पण तिथे माणूस नव्हता. त्या कोऱ्या सिमेंटवर कुणीच नव्हतं, हे नंतर सगळ्यांनी सांगितलं. आणि वळसा घालताना माझी मागची पट्टी हलली. मास्तरीण शेपूट हलवत होती.

मिस्त्रीलाही तो वळसा मुठीतून कळला. "कोण आहे?" त्याने विचारलं. मग एकदम हलक्या आवाजात, "तू आहेस का रे?"

उत्तर आलं असेल तर मला ऐकू आलं नाही. पण त्याने मूठ सोडली आणि पुढे झेप घेतली. मनगटातली वादी राहिली, म्हणून वाचला. तो पुढे ओढतोय, मास्तरीण मागे ओढतेय, मध्ये मी. टाके एकेक करून उसवत होते. त्या खोगीरवाल्या म्हाताऱ्याचं नाव घेतलं आणि धरून राहिलो. किती वेळ, ठाऊक नाही. कुणीतरी ओरडलं, इंजिन घुरघुरत बंद पडलं, दोन माणसं धावत आली आणि त्यांनी मिस्त्रीला मागे खेचलं. तेव्हा, सगळं झाल्यावर, माझी मूठ तुटली.

लेक रडत आली. "बाबा, तुम्हाला कळलं कसं नाही?"

जावई धापा टाकत आला. माझी तुटलेली मूठ जमिनीवरून उचलली. "हे बघा! मी म्हणत होतो ना? पट्टा तुटला, कुत्री सुटली, आणि हे भरकटले. या कुजक्या कातड्याने जीव घेतला असता!"

सगळे मिस्त्रीकडे पाहत असणार. तो धुळीत बसला होता, मास्तरणीच्या मानेत बोटं रुतवून.

"हो," तो म्हणाला. "पट्टा तुटला."

झालं. तेव्हापासून मी या अडगळीच्या खोलीत. मास्तरणीला नायलॉनचा मिळाला. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला जावई ती हकिकत सांगतो, आणि प्रत्येक वेळी मी आणखी थोडा कुजतो.

छत्रीबाई, दार किलकिलं असलं की कान दे. मास्तरीण या बोळातून जाताना आता मोरीच्या दाराशी वळसा घालते. रोज, त्याच जागी. लेक म्हणते, म्हातारी झाली, तिलाही दिसत नाही आता.  मिस्त्री तिथे आला की थांबतो आणि हळूच म्हणतो, "सरक रे जरा. आणि माफ कर बाबा, चूक माझीच होती."

रोज म्हणतो. त्याला उत्तर मिळतं की नाही कोण जाणे, पण हल्ली घरावरून पंख्याचं विमान गेलं तरी तो खुशाल गुणगुणत असतो. जगायला लागलाय पुन्हा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. धरून ठेवलं ते त्याचसाठी.

कधीकधी तो या खोलीत येतो. भिंत चाचपतो, खिळा सापडतो, माझ्या तुटक्या मुठीवरून अंगठा फिरवतो. हात ओला असतो. तोंड उघडतो, मिटतो, आणि जातो. वारा कुठून होता ते आम्हा दोघांनाच माहीत आहे. जावयाचं मी मनावर घेतलेलं नाही. त्याने जे पाहिलं ते तो बोलला. माझी माफी मागायची ज्याची अजून राहिली आहे, तो मिस्त्री.