हलू नका

बायकोने त्याचा उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि शर्टाच्या बाहीत आधी तोच घातला. मग डावा. धडधाकट माणूस कुठला हात आधी घालायचा याचा विचारही करत नाही; या घरात आता तो क्रम ठरून गेला होता.

"आज सोडणार नाही मी त्या डॉक्टर पोरीला," बटणं लावता लावता ती म्हणाली. "चांगली खडसावणार. धड माणूस दिला होता तिच्या ताब्यात."

"धड कसला? तापाने फणफणलो होतो."

"हात तर धड होता ना!"



*

त्याचा धंदा न हलण्याचा.

चित्रशाळेत तो मॉडेल म्हणून उभा राहायचा. भाला उचलल्यासारखा उजवा हात वर, आणि समोर पोरांची पेन्सिल चालू. पोरं त्याला पुतळेराव म्हणत. एकदा एक माशी नाकाच्या शेंड्यावर बसली, ओठावर उतरली, डोळ्याच्या कोपऱ्यात हिंडून आली. एका मुलीने चित्रात माशीसुद्धा काढली. "माशी कंटाळली, पुतळेराव नाही कंटाळले," असं सर पुढे प्रत्येक नव्या वर्गाला सांगत. ते सांगत असताना तो समोर उभाच असे, आणि त्याला हसायचीही सोय नसे.

परवा सर घरी येऊन गेले. "बसलेली पोझ देऊ आपण. हात मांडीवर," म्हणाले. मग हाताकडे बघत राहिले. खांद्याचं मांस झडलं होतं, बोटं आत वळली होती.

"रेखाटायला तसा... चांगला आहे," ते बोलून गेले, आणि त्यांनी जीभ चावली.

*

त्या तापात रक्तात विष पसरलं होतं, हातापायांच्या शिरा सापडेनात, म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालायचं ठरलं आणि त्याचं तोंड डावीकडे वळवून वर हिरवी चादर टाकली, चादरीला मानेपुरतं भोक, आणि डॉक्टर मुलगी म्हणाली काका आता अजिबात हलू नका, बधिर केलंय, दाबल्यासारखं वाटेल, आणि दाबल्यासारखं वाटलं, मग पुन्हा, आणि मग मानेतून वीज निघाली, खांदा कोपर अंगठा पेटवत गेली आणि घशाशी आलेली किंकाळी त्याने गिळली, कारण हलू नका म्हटल्यावर न हलणं त्याला येत होतं, तेवढंच येत होतं, आणि पायाशी उभ्या बायकोचा आवाज आला, अहो दगड व्हा, तुम्हाला काय अवघड आहे, आणि तो दगड झाला आणि सुई पुन्हा आत गेली आणि वीज पुन्हा

*

"किती छान साथ दिलीत, काका," नळी बसल्यावर डॉक्टर मुलगी म्हणाली होती. आणि त्याला, तेवढ्या तापातही, बरं वाटलं होतं.

*

आज ती डॉक्टर मुलगी त्यांच्यासमोर बसून सगळं ऐकून घेत होती. बायकोच्या तोंडाचा पट्टा दाराबाहेरच सुरू झाला होता.

"शीर कुठे, काय कुठे, बघायला नको? शिकाऊ पोरींच्या हाती आमची माणसं!"

"त्या शिरेला लागूनच हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा असतो, काकू. सुई त्यात गेली असणार. तुमची तक्रार मी स्वतः वर पाठवते." तिने त्याच्याकडे पाहिलं. "फक्त एक सांगा, काका. सुई जाताना हातात करंट गेल्यासारखं झालं होतं? झालं की पेशंट ओरडतो, निदान दचकतो. मग आम्ही लगेच सुई मागे घेतो."

  खुर्चीची कड बायकोने दोन्ही हातांनी धरली होती.

"काका?"

"नाही," तो म्हणाला. "काहीच नाही."

"झिणझिण्या? काहीही?"

"बधिर केलं होतं ना तुम्ही." मग त्याने विचारलं, "हात वर जाईल परत?"

"थोडी ताकद येईल. वर जाईलच असं नाही सांगता येत."

*

बाहेर बाकावर दोघं बसली.  

"खडसावलंस ना? चल आता."

"चष्मा राहिला माझा आत," म्हणत ती उठली.

चष्मा तिच्या गळ्यात दोरीला लोंबत होता. हे त्याच्या लक्षात येईपर्यंत ती आत गेली होती. दार नीट लागलं नव्हतं.

फटीतून ती उभीच दिसली. तिने एक बोट आपल्या मानेवर ठेवलं, खांद्यावरून, कोपरावरून ओढत मनगटापर्यंत आणलं, आणि पंजा झटकन उडवून दाखवला.

"अशी," ती सांगत होती. "चादरीबाहेर होती ना त्यांची बोटं. मी पायाशीच होते. दोनदा उडाली. मला वाटलं, आता हे हलणार आणि तुमचं काम बिघडणार. म्हणून मी त्यांना..."

डॉक्टर मुलगी हळूहळू उभी राहिली.

बायकोला अडवायला तो घाईने उठू लागला, सवयीने उजवा हात बाकावर टेकून. हात कोपरातून दुमडला, आणि तो होता तिथेच खाली बसला.