गुलामांची जोडी

व्हर्ना प्रुइट एकवीस वर्षं पत्ते वाटत होती, आणि त्यांतली बारा वर्षं लास व्हेगासच्या 'सिल्व्हर स्पर' कॅसिनोमध्ये. तिथे दर मे महिन्यात पोकरची अजिंक्यपद मालिका भरे. तीन आठवडे, अकरा स्पर्धा. प्रत्येक विजेत्याला सोन्याचं ब्रेसलेट मिळे आणि कॉफीच्या काउंटरमागच्या भिंतीवर त्याचा फोटो लागे.

त्या भिंतीवरच्या माणसांबद्दल व्हर्नाला मनापासून आदर होता. मोडलेला हात गळ्यात बांधून चौदा तास खेळलेला अर्कान्सासचा ट्रकवाला. कोणाच्या तोंडाकडे न बघता स्वेटर विणत बसणारी आणि सगळ्या टेबलाला धुऊन काढणारी मिसेस ऑल्ब्रायटन. हातात काही नसताना ही माणसं ज्या थंड डोक्यानं बसत, ते बघून तिच्या अंगावर अजूनही काटा येई.

पण त्या सगळ्यांहून मोठा तिला वाटे तो भिंतीवर नसलेला एक माणूस. ओडेल टॅकेट, टेक्ससमधल्या लबकचा, वय वर्षं एकाहत्तर. तीनदा दुसरा आला होता, आणि दुसऱ्याचा फोटो कोणी लावत नाही. हरल्यावर तो उठे, हॅट घाली, समोरच्याचा हात हातात घेई आणि पत्ते वाटणाऱ्या बाईला "छान पानं वाटलीस" म्हणून जाई. असा माणूस व्हर्नाने दुसरा पाहिला नव्हता.

एक्क्याऐंशी सालच्या मेमध्ये सात पानांच्या, म्हणजे सातांतली सर्वांत चांगली पाच धरायच्या, स्पर्धेत ओडेल पुन्हा शेवटच्या दोघांत आला. समोर मार्विन झेल्निक, क्लीव्हलंडचा दातांचा डॉक्टर, पहिल्यांदाच आलेला. मधे पत्ते घेऊन व्हर्ना.

दुपारी तीनच्या सुमारास मार्विनकडे चौथ्या पानाला गुलामांची जोडी जमली आणि त्यानं उरलेल्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. ओडेलनं तेवढ्याच चिप्स लावून डाव स्वीकारला. आता हा डाव ओडेलनं जिंकला की ब्रेसलेट त्याचं. व्हर्नानं दोघांना उरलेली तीन-तीन पानं वाटली. 

ओडेलनं पानं उलटली. दोन राजे, दोन नव्व्या.

मार्विननं शेवटचं पान बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "गुलामांची जोडी. बस." त्यानं सातही पानं उघडी टाकली आणि हात पुढे केला. "तुमच्याकडून हरलो, यातच समाधान आहे, मिस्टर टॅकेट."

लोक टाळ्या वाजवू लागले. कोणीतरी ओडेलच्या पाठीवर थाप मारली. व्हर्नाचे डोळे भरून आले होते. तिनं चिप्सचा ढीग ओडेलकडे सरकवला आणि मार्विनची पानं गोळा करायला हात टाकला. तिथला नियम साधा होता. माणूस काहीही म्हणो, उघडी पानं दाखवतील ते खरं. पण ती टाकलेल्या पानांत एकदा मिसळली की संपलं.

ओडेलनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब, पोरी."

मग तो वाकून एकेका पानाकडे बोट दाखवू लागला. "हे चार. हे पाच. हे बघा सहा, आत्ताच आलेलं. सात. आणि आठ." त्यानं मान वर केली. "डॉक्टर, आयुष्यभर लोकांचे बत्तीस दात मोजलेत, आणि पाच पानं मोजता येईनात? सीक्वेन्स आहे तुमचा, माझ्या दोन जोड्यांच्या वरचा. बसा खाली."

गुलामाला जोड शोधण्याच्या नादात मार्विनला स्वतःचा सीक्वेन्स दिसला नव्हता. तो मटकन बसला. टाळ्या थांबल्या. व्हर्नानं ढीग परत ओढून मार्विनपुढे ठेवला. तो दहा सेकंदांचा रस्ता तिला फार लांब वाटला.

दोन तासांनी ओडेल हरला. चौथ्यांदा दुसरा. त्यानं हॅट घातली, मार्विनचा हात हातात घेतला आणि व्हर्नाला म्हणाला, "छान पानं वाटलीस."

 सुट्टी झाल्यावर ती काउंटरवर गेली. तो पीच घातलेली पेस्ट्री खात बसला होता, आणि मागच्या भिंतीजवळ मार्विनचा फोटो काढणं चाललं होतं.

"ओडेल, मी छान पानं वाटली नाहीत. तो सीक्वेन्स मला दिसला नाही, कारण तो मला दिसायला नको होता. तुम्ही जिंकावं असं वाटत होतं."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे?"

"सहा-सात वर्षं झाली असतील. मी जिंकलो की चिप्स माझ्याकडे जरा घाईनं येतात." त्यानं पेस्ट्रीचा तुकडा काट्यानं नीट अर्धा केला आणि बशी तिच्याकडे सरकवली. "म्हणून तू वाटायला बसलीस की समोरच्याची पानं मी स्वतः वाचतो. खा, आज बरी झालीय."

व्हर्नानं ती खाल्ली. इतक्या वर्षांत त्यानं तिच्याबद्दल कोणाकडे चकार शब्द काढला नव्हता, की दुसरी वाटणारी मागितली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येकाची पानं बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागली. ओडेल खेळत असला की त्याच्यासमोरच्याची पानं दोनदा.