बावीस तारीख

दोन वर्षांच्या छकुलीने घास गालात धरून ठेवला होता. गिळायचा नाही आणि थुंकायचाही नाही. आई कामाला निघाली की रोज सकाळी तिचं हे असंच चाले.

"गिळ ग बाई. आईला उशीर होतोय."

"राहू दे, मी भरवते," सासूबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. "तू जा तुझ्या परदेशी बाईकडे. जगातल्या पोरींचं भलं व्हायचंय. आपली एक उपाशी राहिली तर काय बिघडतं."

सासूबाईंच्या टोमण्यात विष नसे, मीठ असे. सुनेने ते निमूट गिळलं, छकुलीने मात्र घास गिळला नाही.

टीव्हीवर कुठलं तरी आटलेलं तळं दाखवत होते. भेगाळलेल्या तळात एक होडी कलंडून पडली होती. या माहितीपटांचं सासूबाईंना वेड होतं, आणि त्यातल्या निम्म्यांचं मराठी निवेदन त्यांच्याच सुनेने घरी बसून लिहिलेलं होतं. बाळंतपणानंतर नोकरी सुटली तेव्हा हे काम मिळालं. समुद्रातलं प्लास्टिक, बंद पडलेल्या गिरण्या, खाणीत उतरणारी पोरं, सगळं तिच्या टेबलावरून गेलं होतं. संध्याकाळी जेवताना सगळं घर ते बघे, "बिचारे" म्हणे आणि ताटं उचलायला उठे.

या वेळी माहितीपट करणारी मंडळीच तिच्या शहरात आली होती. विषय होता पोरवयात होणारी लग्नं. त्यांना दुभाषी हवी होती आणि एक कुटुंबही हवं होतं. दुभाषी तीच झाली, आणि कुटुंबही तिनेच शोधून दिलं.

गादीवाल्याचं घर म्हणजे एक लांबट खोली आणि वर माळा. पुढच्या अर्ध्या भागात तो गाद्या भरी, मागे संसार. कापसाचे तंतू भिंतींवर, भांड्यांवर, माणसांच्या भुवयांवर बसलेले. आवाज टिपणाऱ्या माणसाने पंखा बंद करायला लावला होता, त्यामुळे खोलीत सगळे घामाघूम. कॅमेरामन मात्र खूश होता. खिडकीतून येणाऱ्या उन्हात कापूस तरंगताना फार सुंदर दिसतो, असं तो दोनदा म्हणाला.

"सुंदर दिसतो, पण छातीत बसतो म्हणावं," गादीवाला हसून म्हणाला. दुभाषीने तेही भाषांतर करून सांगितलं.

आज एकोणीस तारीख. लग्न बावीसला, रविवारी. नवरी चौदा वर्षांची, नववीत शिकणारी. घरात तिला सगळे 'वकील' म्हणत, कारण ती कुणाचंही पहिलं म्हणणं मान्य करत नसे. नवरा तिशीचा, मालाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. लग्नाची वेळ अकराची ठरली होती. ती परदेशी दिग्दर्शिकेने सुचवली होती, कारण अकराला खोलीत ऊन बरोबर मधोमध येई.

पहिली मुलाखत मुलीच्या आईची होती. ती शिलाई मशीनमागे बसली. दुभाषी कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, म्हणजे आईची नजर तिच्याकडेच राहील.

"लग्न इतक्या लवकर का, विचार," दिग्दर्शिका म्हणाली.

दुभाषीने विचारलं. आईने आधी नवरा बाहेर गेलाय का ते पाहिलं.

"लवकर नव्हतंच करायचं, मॅडम. परीक्षेनंतर बघू म्हणलं होतं. अशी दोन स्थळं मी आधी घालवलीत. एकदा म्हणलं, थंडी सरू दे. एकदा म्हणलं, हिच्या काकांचा पाय मोडलाय, बरा होऊ दे. आमच्यासारख्या बायकांना 'नाही' म्हणायची सोय नसते. 'नंतर' म्हणायची असते. नंतर, नंतर करत पोरगी दहावी झाली असती. माझी बहीण नर्स आहे दुसऱ्या गावाला, ती हिला तिकडच्या वसतिगृहात घालणार होती. सगळं बोलून ठेवलेलं."

"मग?"

"मग कुणा बाईचा फोन आला ह्यांना. म्हणाली, लग्न या महिन्यात असेल तर टीव्हीवाले येतील, घर वापरायचे पैसे देतील. नाहीतर दुसरं घर बघावं लागेल. ह्यांनी लगेच तिकडच्या लोकांना सांगितलं. टीव्हीवर येणार म्हणल्यावर तेही हुरळले." तिने मशीनवरचा कापूस बोटाने पुसला. "तुमच्याच ऑफिसातली असेल कुणी. तिचं तरी काय चुकलं, तिला काय माहीत."



तो फोन तिनेच केला होता. सात तारखेला सकाळी, छकुलीला कडेवर घेऊन. गादीवाला म्हणाला होता, "परीक्षा झाल्यावर बघू, अजून सात-आठ महिने आहेत." त्यावर ती म्हणाली होती, "तोवर ही माणसं परत जातील हो." चार दिवसांनी त्याचा उलट फोन आला, बावीस तारीख ठरली. तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. नवऱ्याला तिने मोठ्या आनंदाने सांगितलं होतं, जमलं एकदाचं.

"काय म्हणाली ती?" दिग्दर्शिकेने विचारलं.

सगळे थांबले होते. कॅमेरा चालूच होता. आणि आयुष्यात कधी एक शब्द इकडचा तिकडे न करणारी ती दुभाषी म्हणाली, "घरगुती अडचणींमुळे तारीख अलीकडे आणली, असं म्हणतेय."

त्या दिवशी घरी गेल्यावर तिने छकुलीला इतकं घट्ट धरलं की पोर कुरकुरली.

"तू निरोप्या आहेस," नवरा म्हणाला. "निरोप पोचवणाऱ्याला कुणी फासावर चढवत नाही. त्या माणसाने लग्न ठरवलं होतं ना आधीच? आज नाही तर उद्या केलंच असतं."

"उद्या नसतं केलं. त्या उद्यावरच सगळं होतं."

"आणि आता तू बोललीस तर काम जाईल. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

तो दुष्ट नव्हता. घराच्या हप्त्याची तारीख त्याच्या डोक्यात होती, एवढंच.

शुक्रवारी वकिलाची मुलाखत. नवी कोरी ओढणी, हातात शाळेची वही. वही ठेव म्हटलं तरी तिने ठेवली नाही.

"लग्नाचा आनंद वाटतोय का, विचार."

"ताई, आधी मी एक विचारू का त्यांना?" वकील म्हणाली.

"विचार की."

"तुमची तिकिटं पुढं ढकलता येतात ना? आमच्या वर्गातल्या एकीचे काका विमानतळावर आहेत, ते म्हणतात, येतात. मग हे सगळं पुढच्या वर्षी घ्या. मी असंच बसेन, असंच बोलेन. हीच ओढणी घालेन. फक्त माझी परीक्षा होऊ दे."

दुभाषीने या वेळी शब्दन् शब्द पोचवला. दिग्दर्शिकेचे डोळे भरून आले. तिने क्षणभर तोंडावर हात धरला.

"विलक्षण," ती हळूच म्हणाली. "तिला सांग, हेच पुन्हा एकदा म्हण. फक्त कॅमेऱ्याकडे बघू नकोस, खिडकीकडे बघ."

दुभाषीने ते सांगितलं नाही. "पाणी पी बाळ," एवढंच म्हणाली, आणि दिग्दर्शिकेला बाहेर गल्लीत घेऊन गेली.

"हे लग्न आपल्यामुळे होतंय," ती म्हणाली. "आपण थांबवायला हवं. आज."

दिग्दर्शिकेने ऐकून घेतलं. वीस वर्षं जगभर फिरलेली बाई, आवाज चढवायची तिला गरजच नव्हती.

"आपण पाहतो. ढवळाढवळ करत नाही. आज एक लग्न मोडलं, तर उद्या कुठल्याच घराचं दार आपल्याला उघडणार नाही. ही फिल्म शंभर देशांत दिसेल. हजारो मुली वाचतील."

"आणि ही?"

"हिचं मलाही वाईट वाटतं. म्हणून तर मी इथे आहे." मग ती म्हणाली, "शेवट नसेल तर फिल्मच नाही. तुला कळतंय ना?"

कळत होतं. इतकं स्वच्छ आजवर तिला काही कळलं नव्हतं. दुष्काळ असो, खाण असो, गिरणी असो, तिने लिहिलेल्या प्रत्येक निवेदनात शेवटी हळहळ होती, आणि ती हळहळ मराठीत बसवण्यात तिचा हातखंडा होता.

शनिवारी ती आजारी असल्याचं कळवून बालसंरक्षण कार्यालयात गेली. दोन टेबलं, एक गळकं पाण्याचं पिंप, भिंतीवर फलक. अधिकारी बाई डबा उघडून बसल्या होत्या. त्यांनी झाकण पुन्हा लावलं.

"पुरावा आहे काही? आम्ही पोचतो तोवर सगळे म्हणतात, लग्न कसलं, नुसतं जेवण आहे. नवरीला माळ्यावर लपवतात आणि आम्हालाच पंगतीला बसा म्हणतात. दोनदा बसलेय मी."

दुभाषीने पर्समधून चार पानं काढली. शूटिंगचं वेळापत्रक. तिनेच टाइप केलेलं. बावीस तारीख, रविवार. पत्ता. नऊ चाळीस, नवरीची तयारी. दहा वीस, वराकडचे लोक येतात. अकरा, लग्न. मुलीचं नाव, वय चौदा, इयत्ता नववी. नवऱ्याचं नाव, वय तीस.

अधिकारी बाईंनी ते दोनदा वाचलं. "लग्नाची एवढी व्यवस्थित पत्रिका मी नाही पाहिली आजवर. कुणी दिली तुम्हाला?"

"मिळाली," ती म्हणाली, आणि तिथेच पुन्हा एकदा तिची जीभ आखडली.

रविवारी ती कामावर गेली. न जाऊन चाललं नसतं. दहा वीसला खोली भरली. गाद्यांचे ढीग भिंतीला लावून त्यांवर पाहुणे बसवले होते. कॅमेऱ्यासमोर यायचं म्हणून नवऱ्याचे मामा केस काळे करून आले होते आणि कानामागे रंगाचा ओघळ राहिला होता. पोरं त्यांना "मामा, शाई, शाई" म्हणून चिडवत होती. वकील मागच्या बाजूला, आईच्या मशीनपाशी. आज ती कुणाशीच वाद घालत नव्हती. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. अधिकारी बाईंचा पत्ता नाही. ऊन खिडकीतून सरकत मधोमध आलं. कॅमेरामनने मान डोलावली. गादीवाला म्हणाला, "चला, घ्या उरकून."

दुभाषी दारात जाऊन आडवी उभी राहिली. काय करणार होती, तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजला.

अधिकारी बाई धापा टाकत आत आल्या. मागे दोन पोलीस. "लग्न थांबवा. कुणी उठायचं नाही."

एकच गलका झाला. मामा म्हणाले, नुसतं जेवण आहे. गादीवाला हात जोडून उभा राहिला. त्याच्या भुवयांवर कापूस तसाच होता. "बाई, मी गरीब माणूस. चूक झाली." दिग्दर्शिका कॅमेरामनच्या कानाशी कुजबुजली, "थांबू नकोस. हा तर आणखी चांगला शेवट आहे." मग तिने दुभाषीला खूण केली, सगळं सांगत राहा.

अधिकारी बाईंनी कागद काढला. "नववीतल्या पोरीचं लग्न? तारीख कुणी ठरवली?"

मामांनी गादीवाल्याकडे बोट दाखवलं. गादीवाल्याने मान खाली घातली. एका पोलिसाने त्याच्या दंडाला धरलं.

"ह्यांनी मान्य केली," मागून त्याची बायको म्हणाली. "ठरवली नाही. कुणा बाईचा फोन आला होता."

"कोण बाई?"

"काय ठाऊक. टीव्हीवाल्यांची कुणी."

दुभाषीला वाटलं, आत्ता गप्प राहिलं तर काही बिघडत नाही. लग्न थांबलं. मुलगी वाचली. घरी छकुली आहे, हप्ते आहेत. फोन करणारी बाई जगात कुणीही असू शकते.

"मी," ती म्हणाली.

दिग्दर्शिका तिच्याकडे बघत होती, भाषांतराची वाट बघत. दुभाषी कॅमेऱ्याकडे वळली आणि दिग्दर्शिकेच्या भाषेत सावकाश म्हणाली, "विचारतायत, तारीख कुणी ठरवली. मी ठरवली. तुमच्या परतीच्या विमानावरून. आणि गुरुवारी आईने हे सांगितलं होतं, तेव्हा मी तुम्हाला खोटं सांगितलं."

दिग्दर्शिकेने कॅमेरामनच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने कॅमेरा बंद केला.

गादीवाल्याची बायको दुभाषीकडे बघत राहिली. त्या नजरेत क्षमा नव्हती, आभारही नव्हते. मग तिने लेकीचा हात धरला. "चल. कपडे बदल."

"तुम्ही बसा," अधिकारी बाई दुभाषीला म्हणाल्या. "पहिल्यापासून लिहून द्या. नावानिशी. नंतर तुम्हालाही विचारणा होईल, हे समजून लिहा."

"समजलंय."

ती एका न शिवलेल्या गादीवर बसली, कागद मांडीवर घेतला, वर स्वतःचं नाव घातलं आणि लिहायला लागली: सात तारखेला सकाळी मी फोन केला आणि विचारलं की लग्न याच महिन्यात घेता येईल का.